पाटी होती का?

२०२४च्या मे महिन्यात आमच्या गावच्या बंधाऱ्यात एक नऊ वर्षांचा मुलगा बुडता बुडता वाचला. मुंबईहून मावशीकडे सुट्टीला आला होता. कपडे धुवायला आलेल्या दोघी बायकांनी साडी फेकून त्याला ओढून काढला. संध्याकाळी त्याची आई मुंबईहून धावत आली आणि बहिणीला तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे पाटी नव्हती का गं?"

पाटी होती. मी केलेली.

मला हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि पाच मिनिटांत ऑफिसचा कॉल सुरू होणार होता. "तुझी पाटी होती ना रे तिथे?" तिने सहज विचारलं. मी "हो, आहे की" म्हणालो आणि कॉलला बसलो. त्या कॉलमध्ये काय बोलणं झालं ते मला आजही आठवत नाही.

पाटीची गोष्ट २०२१ची. लॉकडाऊनमुळे घरून काम चाललं होतं, मी गावी होतो. ग्रामपंचायतीतल्या एका ओळखीच्या काकांनी सांगितलं, "तू इंजिनिअर, तुला कॉम्प्युटर येतो, बंधाऱ्यासाठी एक पाटी करून दे." मी तासाभरात डिझाइन केलं. वर मोठ्या लाल अक्षरांत 'धोका', खाली 'पाणी खोल आहे. पोहू नये, आंघोळ करू नये', आणि त्याखाली मदतीसाठी एक मोबाइल नंबर. तालुक्याला जाऊन रेडियम कापून आणलं, पांढऱ्या पत्र्यावर चिकटवलं. फोटो टाकला, भरपूर लाइक्स आले. विषय संपला.

(चिकट व्हिनाइलवर मशीनने कापलेल्या अक्षरांना आपल्याकडे सरसकट 'रेडियम' म्हणतात. मारी क्युरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण गाडीच्या नंबरप्लेटपासून दवाखान्याच्या काचेपर्यंत सगळीकडे तेच असतं, म्हणून मीही तेच म्हणतो.)

त्या शनिवारी मी गावी गेलो आणि थेट बंधाऱ्यावर गेलो. पत्रा जागेवर होता. त्यावर 'खोल' होतं, अर्धवट सुटलेलं 'करू' होतं, आणि फिकट गुलाबी झालेला मोबाइल नंबर जवळजवळ पूर्ण होता. बाकीची अक्षरं गेली होती. त्यांच्याखालचा पांढरा रंग आजूबाजूच्यापेक्षा उजळ राहिला होता, त्यामुळे हातभर अंतरावर उभं राहिलं की मजकूर लागत होता. म्हणजे पाटी वाचता येत होती, पण काय लिहिलंय हे आधीच माहीत असणाऱ्याला.

'धोका' हा शब्द मला परत येताना सापडला. एका पोराच्या सायकलच्या मडगार्डवर चिकटवलेला होता. छान दिसत होता.

हे कसं झालं असेल ते माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच कळलं, आणि लाज वाटली, कारण हे आधीच कळायला हवं होतं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात. एक गळलं तरी बाकीची राहतात आणि शब्द ओळखता येतो. आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली असतात. रेडियममध्ये कापला की 'धोका' हा सबंध एक स्टिकर होतो. एक कोपरा उचलला की अख्खा शब्द हातात. याच्या उलट अनुस्वार. तो एकटा, त्याला चिकटायला जागा नखाएवढी, म्हणून तो सगळ्यात आधी पडतो. आमच्या 'आंघोळ'चा टिंब बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात गेला असणार. त्यात स्वस्त व्हिनाइल मऊ राहण्यासाठी त्यात जे मिसळलेलं असतं ते उन्हाने हळूहळू निघून जातं. मग ते आक्रसतं, कडा वर येतात, कडेखाली धूळ शिरते. पुढचं काम पोरांची नखं करतात.

रेडियमवाल्या दुकानदाराला दोष देता आला असता तर बरं झालं असतं. पण त्याने पत्रा माझ्या हातात देताना स्वच्छ सांगितलं होतं, "उन्हात दोनेक वर्षं धरेल. मग बदलून घ्या."

या वाक्याचा पहिला भाग मी ऐकला होता. दुसरा भाग माझ्यासाठी आहे असं मला वाटलंच नाही. 'बदलून घ्या' म्हणजे कोणी? पंचायतीला वाटलं पाटी मी केली, मी बघेन. मला वाटलं पाटी पंचायतीची आहे. गावातले लोक पाटीकडे बघतच नव्हते, कारण पाणी खोल आहे हे त्यांना पाटीशिवाय माहीत होतं. पाटी ज्यांच्यासाठी होती ते लोक वर्षातून एकदा येणार, त्यांना ती आधी कशी होती हे ठाऊकच नसणार. म्हणजे पाटी मेली आहे ही तक्रार करू शकेल असा माणूसच नव्हता.

माझ्या धंद्यात 'बदलता येतं' हा मोठा गुण मानतात. आज घाईत सोडा, उद्या पॅच करू. मला यात काही अनैतिक वाटत नाही, कारण आमच्याकडे त्या 'उद्या'ला माणूस नेमलेला असतो. रात्री तीन वाजता पैसे भरायचं पान बंद पडलं तर कोणाचा फोन वाजणार याचा तक्ता असतो, आणि त्यात माझंही नाव असतं. हा तक्ता असतो म्हणूनच आम्हाला कच्चं काम करायची मुभा आहे. मी बंधाऱ्यावर ती मुभा घेऊन गेलो, तक्ता पुण्यात ठेवून.

तेव्हापासून मला असं वाटतं की टिकाऊ की बदलण्याजोगं, हा प्रश्न वस्तूचा नाहीच. तो जबाबदारी कोणाच्या खांद्यावर टाकायची याचा आहे. टिकाऊ वस्तू करणारा आजच सगळा त्रास सोसतो. बदलण्याजोगी वस्तू करणारा तो त्रास भविष्यातल्या कोणावर तरी ढकलतो. त्यातही गैर काही नाही, फक्त ज्याच्यावर ढकलला त्याला निदान सांगायला हवं.

म्हणून ठरवलं, आता रंगवायचं.

आमच्या तालुक्यात एक म्हातारे पेंटर काका आहेत. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचं नाव दिसतं. रेडियमचं दुकान त्यांच्याच मुलाचं. त्यांचा हात आता थरथरतो, ब्रश धरता येत नाही. मला तर सरळ रेषही येत नाही. तेव्हा आम्हा दोघांना जमेल असा मार्ग म्हणजे मास्क. मशीन तेच, फाइल तीच, फक्त काम उलटं. रेडियममध्ये अक्षर ठेवायचं आणि भोवतालचं सोलून फेकायचं. मास्कमध्ये अक्षर सोलून फेकायचं, भोवतालचं चिकटलेलं ठेवायचं, आणि रिकाम्या झालेल्या अक्षरात रंग भरायचा. रंग भरला की तेही सोलून काढायचं. पत्र्यावर उरतो फक्त रंग. त्याला कोपरा नसतो, नख घालायला जागा नसते.

जुन्या टिनच्या स्टेन्सिलमध्ये मराठीची पंचाईत व्हायची. 'प', 'क', 'व' यांच्या पोटात बेटं असतात. ती पडू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या ठेवाव्या लागतात आणि अक्षर चिरल्यासारखं दिसतं. चिकट मास्कमध्ये बेटं आपापल्या जागी चिकटून बसतात. अक्षर सबंध उमटतं.

पहिल्यांदा मी काकांना न विचारता केलं. जून २०२४मध्ये नवा कोरा जस्ताचा पत्रा आणला, त्यावर बाजारातला साधा ऑइलपेंट मारला, मास्क लावून अक्षरं भरली. सुंदर झालं. दहा महिन्यांनी रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला, अक्षरांसकट. मग काकांकडे गेलो.

"नव्या जस्ताच्या पत्र्यावर सरळ तेलाचा रंग मारलास?" ते हसले. "अरे, धरत नाही तो."

हे मी नंतर वाचून समजून घेतलं. तेलातलं आम्ल आणि पत्र्यावरचं जस्त मिळून रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो, आणि त्यावर रंग घसरतो. माझी पाटी अक्षरशः साबणावर उभी होती. काकांना रसायन माहीत नव्हतं. त्यांना एवढं माहीत होतं की नवा पत्रा एक पावसाळा बाहेर पडू द्यायचा, मग घासायचा, जस्तावर धरणारा प्रायमर द्यायचा आणि मगच रंगाला हात लावायचा.

पावसाळाभर थांबणं मला फार जड गेलं. चार महिने पत्रा अंगणात पडून, आणि बंधाऱ्यावर तात्पुरतं म्हणून खडकावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. दर शनिवारी आईला फोन करून विचारायचो, "खडकावरचं दिसतंय ना?" ती वैतागायची. पण माझ्या लक्षात आलं की २०२१नंतर पहिल्यांदाच मी त्या पाटीची चौकशी करत होतो.

काकांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. मास्क चिकटवल्यावर त्याच्या कडांवर आधी खालच्याच पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. कडेखाली शिरायचा तो पांढराच शिरतो, आणि वरचा काळा रंग रेषेवर थांबतो. आणि मास्क काढायचा तो शेवटचा हात पुरता वाळायच्या आत, नाहीतर रंगाची सालही त्याच्याबरोबर येते. लाल मात्र त्यांनी नको म्हटलं. उन्हात बाजारचा लाल आधी उडतो. अक्षरं काळी, आणि लाल हवाच असेल तर चौकट गेरूच्या जातीच्या रेड ऑक्साइडची. अजिंठ्याच्या भिंतींवरही काळा काजळीचा आहे आणि लाल गेरूचा. शतकानुशतकं टिकलेल्या रंगांचा सल्ला मोडायचं मला काही कारण नव्हतं.

मग मजकुराची वेळ आली आणि मी अडकलो. जे टिकणार आहे त्यात काय लिहायचं? रेडियमच्या वेळी हा प्रश्न पडलाच नव्हता. जुन्या पाटीवरचा मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला होता, आणि योगायोग असा की सगळ्यात जास्त तोच टिकला होता. कोणी बुडताना पाहून एखाद्याने तो लावला असता तर? खोली आकड्यात लिहावी म्हटलं, तर २०२५च्या उन्हाळ्यात बंधाऱ्यातला गाळ काढला आणि खोली बदलली. टिकाऊ पाटीवरची चूकही टिकाऊ असते.

आपल्याकडचे गधेगळ पाहिलेत का? शिलाहारांच्या काळापासूनचे दानाचे दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे ते आहेत तोवर हे दान राहो. खाली दान मोडणाऱ्याला शिवी, तीही चित्रात, आणि तीत विटंबना कोणाची, तर त्याच्या आईची. दान घेणारे गेले, जमिनी गेल्या, लेख आता तज्ज्ञांशिवाय कोणाला वाचता येत नाही. आईवरची शिवी मात्र अजून स्पष्ट दिसते. दगडाला काय टिकवावं ते कळत नाही.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, "नंबर खडूने लिही." मी हसलो, पण तेच केलं. पाटीच्या खाली एक छोटी काळी फळी लावली. त्यावर नंबर खडूने. पुसला गेला की कोणाला तरी लिहावा लागेल, आणि लिहिणारा तो चालू आहे का हे बघेल, अशी आशा. वरच्या पत्र्यावर फक्त 'धोका' आणि 'पाणी खोल आहे, उतरू नका'. शेजारी पाण्यावर आलेला एक हात, तोही मास्कनेच.

हाताचं कारण सांगायलाच हवं. त्या मुलाची आई नंतर बोलता बोलता म्हणाली की तो इंग्रजी शाळेत जातो, मराठी वाचायला त्याला वेळ लागतो. माझी पाटी धड असती तरी पळत पाण्याकडे जाताना त्याने ती वाचली नसती, असं म्हणायला जागा आहे. ते ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. त्याला वाचता येत नाही हे मला मे २०२४नंतर कळलं. अक्षरं गळत होती तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी बघायलाही गेलो नव्हतो. तो वाचला यात जसा माझा हात नाही, तसा त्याला मराठी न येण्यातही माझा बचाव नाही.

पाटी डिसेंबरमध्ये बसवली. मास्क काढल्यावर काका आले, चष्मा कपाळावर सारून त्यांनी 'धो'च्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "खाली नाव कुणाचं?"

नाव घालायला मला संकोच वाटला. मालगाडीच्या डब्यांवर पुढची मोठी दुरुस्ती कधी त्याची तारीख रंगवलेली असते, ती मला आठवली. मी उरलेल्या मास्कमधून उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं कापली, 'पुढची पाहणी : मे २०२७'. काकांनी वाचलं. "पाहणार कोण?" म्हणाले. मग नावही घातलं.

त्याच रात्री मी फोनमध्ये रिमाइंडर लावला आणि लक्षात आलं की तो ऑफिसच्या कॅलेंडरवर गेला आहे. नोकरी सोडली की तो जाणार. म्हणून आईला सांगितलं, भिंतीवर लिहून ठेव. ती म्हणाली, "सत्तावीसचं कॅलेंडर अजून कुठे आलंय?"