बहिणीची माया आणि बहिणीचा वाटा



वडिलांच्या पहिल्या वर्षदिनाचे मिस्साबलिदान होते, पाहुणे जेवून जातात आणि मग बऱ्याच घरांत टेबलावर एक कागद येतो. हक्कसोड पत्र. भाऊ म्हणतो, “बाय, इथे सही कर.” बहीण सही करते. मागाहून आपण कौतुकाने म्हणतो, “बाईचे काळीज असेच. पुरुष हिशेब बघतो, बाई नाती बघते.”

हे खरे आहे का?

अमेरिकेतील लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1958 साली माणसाच्या नैतिक विचाराच्या पायऱ्या मांडल्या. त्यांचा मूळ अभ्यास केवळ मुलांवर झाला होता, मुलींवर नव्हे! बायको कर्करोगाने मरते आहे, औषधवाला न परवडणारी किंमत मागतो. नवऱ्याने औषध चोरावे का, असा त्यांचा एक प्रश्न. त्यांच्या सहकारी कॅरोल गिलिगन यांनी 1982 साली आपल्या पुस्तकात अकरा वर्षांच्या दोघांची उत्तरे दिली. मुलगा म्हणाला, चोरावे. जीव पैशापेक्षा मोठा. मुलगी म्हणाली, चोरू नये, पण बायकोला मरूही देऊ नये. तो तुरुंगात गेला तर आजारी बायकोला कोण पाहील? बोलून दुसरा मार्ग काढावा. कोलबर्गच्या मापाने ती खालच्या पायरीवर ठरली. गिलिगन म्हणाल्या, ती खाली नाही, तिचा आवाज निराळा आहे.

लोकांनी त्यावरून सोपा अर्थ काढला, न्याय पुरुषांचा आणि माया स्त्रियांची. गिलिगन यांनी मात्र हा आवाज स्त्रीजातीला बांधला नव्हता. पुढे 2000 साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा फरक आढळला, पण लहानसा. दोघेही दोन्ही रीतींनी विचार करतात.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. वाटेवर जखमी पडलेल्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी पुरुष होता. उधळ्या पुत्राकडे धावत जाऊन गळ्यात पडणारा बापच होता. हिशेब मांडला तो थोरल्या भावाने. आणि गणना, अध्याय 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक एलाजार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात. आमचा बाप वारला, त्याला पुत्र नव्हता. म्हणून त्याचे नाव का पुसावे? आम्हाला वतन द्या. बापाची माया आणि जमिनीचा हक्क त्या एका दमात बोलतात. रडत नाहीत, आर्जव करीत नाहीत.

आपल्या देशात केरळच्या मेरी रॉय यांनाही न्यायालयात जावे लागले. त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी ते मिळे. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली तिथेही 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनाही हाच कायदा आहे. मृत्युपत्र नसेल, तर मुलगा-मुलगी सारखे.

आम्ही हे भांडणे लावण्यासाठी लिहीत नाही. काही बहिणी मनापासून सोडतात, आणि म्हाताऱ्या आईबापांना वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या भावाचेही काही म्हणणे असते. तेही बोलले जावे. पण आपला वाटा किती हे जिला कुणी सांगितलेच नाही, तिची सही म्हणजे दान कसे? आणि एखादीने “थांबा, मला विचार करू द्या” म्हटले, की तिच्या मायेचेच माप काढले जाते. भावाच्या मायेचे माप त्या टेबलावर कुणी काढत नाही.

त्या पाच जणींचे म्हणणे रास्त आहे, असा निवाडा परमेश्वराने मोशेला दिला. वाटा हाती पडला तो मात्र यहोशवाच्या काळात, यार्देन ओलांडल्यावर. तेव्हाही त्यांना पुढे जाऊन आठवण करून द्यावी लागली.