अनर्थदंड आणि घडीचा चाकू

कवठे महांकाळहून मिरजेकडे निघाले की वाटेत दंडोबाचा डोंगर लागतो. पावसात तो हिरवा झाला की सुट्टीच्या दिवशी पोरांच्या टोळ्या वर चढू लागतात आणि सॅक भरताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: चाकू कुठला घ्यायचा? बाजारातल्या घडीच्या चाकूत पाते असते, कात्री असते, करवत, चिमटा, आरी, डबा फोडायचे पाते, बूच काढायचा स्क्रू असतो, आणि खोक्यावर ‘सर्व्हायव्हल’ हा शब्द ठळक छापलेला असतो. प्रश्न खरेदीचा दिसतो, पण मुळात तो धर्मविचारातला आहे. त्याचे नेमके उत्तर मिळते ते हत्यार हाताळण्यालाच ज्यांनी मर्यादा घातल्या त्या जैन आचार्यांकडे. सांगली जिल्ह्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती जुनी आहे. हा विचार इथल्या मातीला परका नाही.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त गृहस्थाला तीन गुणव्रते सांगितली आहेत: दिग्व्रत, अनर्थदंडव्रत आणि भोगोपभोगपरिमाण. कुठवर जायचे ते ठरवून घ्या, कारण नसताना कुणाला इजा होईल असे वागू नका, वापरायच्या वस्तू मोजून ठेवा. डोंगरावर निघालेल्याला याहून चांगली यादी कुणी करून दिली असेल असे वाटत नाही. यातले मधले व्रत आपल्या कामाचे. रोजच्या मराठीत ‘अनर्थ’ म्हणजे संकट. इथे मात्र त्याचा अर्थ ‘ज्याला प्रयोजन नाही ते’. (‘दंड’ म्हणजे पीडा देणारी प्रवृत्ती.) या अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यांतला एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. आता साधने कोणती? कुऱ्हाड आणि तलवार तर आहेतच, पण त्याच ओळीत कुदळ आहे, विस्तव आहे, साखळी आहे. कुदळीवाचून शेती होत नाही आणि विस्तवावाचून चूल पेटत नाही, हे आचार्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? म्हणजे ही वाईट वस्तूंची यादी नव्हे. वस्तू निर्दोष की सदोष हे तिच्या धारेवर ठरत नाही, प्रयोजनावर ठरते, एवढाच तिचा अर्थ. आपला कायदाही अखेर इथेच येऊन पोचतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून वगळल्या. उलट 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हत्यारांत चाकू नाव घेऊन घातला आणि लेखी परवानगीशिवाय तो अभयारण्यात न्यायला बंदी केली. घरी कांदा चिरणारा चाकू सागरेश्वर अभयारण्याच्या फाटकाशी हत्यार होतो. पाते तेच, जागा आणि कारण बदलले.

या कसोटीवर घडीच्या चाकूचाच इतिहास घासून पाहावा. स्वित्झर्लंडच्या सैन्याने 1889 मध्ये नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा आणि सैनिकांचे जेवण डबाबंद यायचे. म्हणून एकाच मुठीत पाते, टोचा, डबा फोडायचे हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर बसवले गेले. कार्ल एल्सनर यांच्या कारखान्याने 1891 पासून हा चाकू सैन्याला पुरवला. चार अवयव आणि चारही अवयवांमागे रोजचे काम. 1897 मध्ये त्याच एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी देखणी आवृत्ती काढली, तिच्यात बूच काढायचा स्क्रू आला. सैन्याने ती कधी वाटली नाही, ज्याला हवी त्याने पदरच्या पैशाने घेतली. प्रयोजन ढिले पडायला सुरुवात झाली ती इथे. अमेरिकेच्या टिम लेदरमन यांची गोष्टही हेच सांगते. 1975 मध्ये युरोपात जुनी मोटार आणि गळके नळ दुरुस्त करताना खिशातल्या चाकूने भागेना, पक्कड हवी होती. त्या अडचणीतून निघालेले त्यांचे अवजार 1983 मध्ये बाजारात आले. आधी अडचण, मग अवजार. आज दुकानात क्रम उलटा आहे: अवजार घेऊन बाहेर पडायचे आणि त्याला साजेशी अडचण शोधायची. याला समंतभद्रांचा ‘अनर्थ’ हा शब्द चपखल बसतो. कवठे महांकाळच्या द्राक्षबागेत छाटणीला हाती कात्री असते. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावर बाभळीची फांदी उतरवायला कुऱ्हाड असते. दोघांपैकी कुणालाही बारा पाती लागत नाहीत, कारण आज काय कापायचे आहे हे दोघांनाही घरातून निघतानाच माहीत असते.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की संकट सांगून येत नाही. मग प्रयोजन आधी कसे ठरवणार? आक्षेप अर्धा खरा आहे. संकट कधी येईल ते कळत नाही, पण काय येईल ते बरेचसे कळते. आपल्या माळांवर पायात बाभळीचा काटा मोडतो, पट्टी कापावी लागते, दोरीची गाठ सुटत नाही. आणि साप चावतो. इथेच ‘सर्व्हायव्हल’ या शब्दाचा धोका दिसतो. घोणस किंवा फुरसे चावले की जखमेवर चिरा द्यायचा, रक्त वाहू द्यायचे, ही समजूत अजून गेलेली नाही. त्या चिऱ्याने विष निघत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या या विषात तो उलट जिवावर बेततो. उपाय एकच: माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता रुग्णालयात नेणे आणि प्रतिविष देणे. खिशात चाकू आहे म्हणूनच हात चिरा द्यायला उठतो. प्रयोजन नसलेली वस्तू नुसती पडून राहत नाही, ती काम मागते.

दुसरा आक्षेप याच्या उलट्या बाजूने येतो: एवढे व्रत सांगायचे तर चाकू हवाच कशाला? दिगंबर मुनी पिच्छी आणि कमंडलूवर राहतात. वस्तऱ्याची गरज पडू नये म्हणून केससुद्धा हाताने उपटतात. पण ते महाव्रत झाले. गृहस्थाला अणुव्रत सांगितले आहे, आणि परिमाण याचा अर्थ मोजणे. मोजणारा शून्यावर थांबलाच पाहिजे असे नाही. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो तीही राबणाऱ्या विळ्या-कोयत्यांची.

तेव्हा मोजून घ्यावे. बोटभर लांबीचे एक पाते, छोटी कात्री, चिमटा. पाते उघडल्यावर कुलूपबंद होणारे असावे. नुसत्या स्प्रिंगवर उभे राहणारे पाते कठीण लाकडात टोक रुतले की मिटते ते थेट बोटांवर. साधे कार्बन पोलाद घेतले तर लिंबू चिरल्यावर पुसून ठेवा, नाहीतर काळे पडते. करवत दुकानातच राहू द्या. सोबत्याने चाकू मागितला तर कशाला हवा ते विचारा आणि पाते मिटून हातात द्या. सागरेश्वरला जाणार असाल, तर तोही घरी ठेवून निघा.