ओरिजिनल आहे का?

फर्स्ट कॉपी घड्याळ घेऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. काच सफायर आहे का? सेकंदकाटा उड्या मारतो की संथ सरकतो? हातात वजन लागतं का? घामाने सोनेरी मुलामा किती दिवसांत उडेल? पोहताना चालेल का? आणि या सगळ्यांच्या पोटात दडलेला एक प्रश्न : कुणी ओळखेल का?

वेळ बरोबर दाखवेल का, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. वेळ फोनवर कळते. शिवाय वेळेच्या बाबतीत महागडं यांत्रिक घड्याळ कधीच हरलंय. १९६९च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं तेव्हाच ही शर्यत संपली. कॅसिओचं १९८९पासून मिळणारं एफ-९१डब्ल्यू हे प्लॅस्टिकचं घड्याळ महिन्याला फार तर ३० सेकंद पुढेमागे होतं. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवायला यांत्रिक घड्याळ दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे गेलं तरी चालतं, म्हणजे महिन्याला तीन मिनिटांपर्यंत. तेव्हा लाखो रुपये अचूकतेचे नसतात. कारागिरीचे असतात, धातूचे असतात आणि बरेचसे नावाचे असतात.

इथेच कॉपी घेणाऱ्याचा युक्तिवाद सुरू होतो. कंपनी नावाचे पैसे घेते, मी ते नाव तीन हजारांत घेतलं, कुणाचं काय गेलं? हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तीन हजारांची कॉपी घेणारा माणूस त्या शोरूमची पायरी चढणारच नव्हता, म्हणजे कंपनीचं गिऱ्हाईकही तुटलं नाही. आपला १९९९चा ट्रेडमार्क कायदासुद्धा खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं तुरुंगवास सांगतो. नुसतं हातावर घालणाऱ्याच्या मागे तो लागत नाही. इटलीत ग्राहकालाही दंड होतो, ती गोष्ट वेगळी.

मग नकलीत वाईट काय? आपल्याकडे बेन्टेक्सचे दागिने घराघरांत असतात. लोकलच्या गर्दीत एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र घालणाऱ्या बाईला कुणी खोटारडी म्हणत नाही. कुणी विचारलं तर तीच हसून सांगते, अहो बेन्टेक्सचं आहे, दोनशे रुपयांचं. कधी कधी तर न विचारताही सांगते, कारण स्वस्तात छान मिळाल्याचं कौतुक तिलाच जास्त असतं. तिच्या दागिन्यावर दुसऱ्या कुणाची सही नसते. घड्याळाच्या डायलवर ती असते.

जुनी घड्याळं जमवणाऱ्यांच्या जगात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या एचएमटीचं किंवा सेइकोचं खरं यंत्र घ्यायचं, केस घासून चकचकीत करायची आणि कंपनीने कधीच न काढलेल्या रंगांत डायल नव्याने रंगवायची. मला यातल्या कारागिराबद्दल आदर वाटतो. मेलेलं घड्याळ त्याने चालतं केलं. 'दुरुस्त केलेलं, डायल नवी' असं लिहून विकलं तर सगळं ठीक आहे. 'ओरिजिनल विंटेज' लिहिलं की तेच घड्याळ, तोच रंग, तीच टिकटिक, पण फसवणूक. फर्स्ट कॉपीला मात्र ही सोयच नाही. ते वाक्य तिच्या तोंडावर आधीच छापलेलं असतं.

आणि त्याची किंमत कंपनीपेक्षा भलताच माणूस मोजतो असं मला वाटतं. समजा, लातूरकडचा एक मुलगा पुण्यात नोकरीला लागलाय. घरातला पहिला पगारदार. दोन वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून त्याने एक खरं स्विस घड्याळ घेतलं. ऑफिसात पहिली प्रतिक्रिया काय येईल? "भारी! कॉपी कुठून घेतलीस?" त्याच मजल्यावर कारमधून येणाऱ्याच्या हातातली कॉपी मात्र कुणी उलटून बघणार नाही. ज्याची पत आहे त्याच्या मनगटावर खोटंही खरं ठरतं. ज्याचे बूट, बोली आणि आडनाव आधीच तोलले गेलेत, त्याचं खरंही खोटं ठरतं. बाजारात जितक्या कॉप्या, तितका हा संशय स्वस्त. म्हणजे कॉपी विकत घेणारा ज्या शिडीवर चढू बघतो, तिची पायरी तो आपल्यासारख्याच दुसऱ्याच्या पायाखालून काढत असतो. मुळात घड्याळ मिरवायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. पण मिरवायचा हक्क फक्त ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यालाच का ठेवायचा?

निगा राखण्याचे प्रश्नही शेवटी तिथेच येतात. डायलवर ३०० मीटर लिहिलेलं असतं, पण पाणी अडवतं ते आतलं रबरी गॅस्केट, आणि ते नीट बसवून तपासण्यापेक्षा आकडा छापणं स्वस्त पडतं. म्हणून नळाखालीसुद्धा जपा. अत्तर आधी लावा, घड्याळ नंतर. घाम कोरड्या फडक्याने पुसा. सेल संपला तर काढून टाका, नाहीतर आत गळतो. बिघडलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवता येत नाही, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे जावं लागतं. तो मागचं झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो, त्याला क्षणात कळतं. बहुतेक वेळा तो काही बोलत नाही.

एक प्रश्न मात्र घेताना सहसा कुणी विचारत नाही : कंटाळा आला की याचं काय करायचं? टाकवत नाही, म्हणून ते धाकट्या भावाला दिलं जातं, आणि देताना 'कॉपी आहे' हे सांगायला जीभ अडखळते. भाऊ दोन वर्षांनी अडचणीत सापडतो, फोटो काढून विकायला टाकतो, खाली 'ओरिजिनल' लिहितो, आणि ते तो अगदी मनापासून लिहितो. जो घेतो तो पुढे आपल्या मेहुण्याला देतो. घड्याळ असं हातोहात जातं, ती एक गोष्ट तेवढी पहिल्याच घरी राहते. ती बाहेर येते घड्याळजीच्या टेबलावर, झाकण उघडल्यावर, आणि तेव्हा समोर उभा असलेला माणूस चौथा असतो.