पिंजऱ्यातला तितर

बी. कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नव्हता. त्यामुळे 'फसवणूक म्हणजे नक्की काय?' हा प्रश्न मला थेट एका तितराने घातला.

त्या रविवारी आम्ही नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. म्हणजे सौ. पक्षी बघत होती, मी डबा बघत होतो. परतताना बांधावर तितर ओरडला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांनी जुन्या काळची शिकार सांगितली. फासेपारधी पाळलेल्या तितराचा पिंजरा झुडपाजवळ ठेवायचे आणि भोवती फासे मांडायचे. पहाटे तो ओरडला की रानातला नर 'माझ्या हद्दीत हा कोण?' म्हणून भांडायला धावायचा अन् फाशात अडकायचा. आता कायद्याने याला बंदी आहे.

अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार वसंतात अशीच चालते. फक्त तिथे भांडणाऐवजी प्रेम. शिकारी लाकडी पेटीवर झाकण घासून, नाहीतर टाळूला पडदी लावून मादीचा आवाज काढतो. नवरदेव पिसारा फुलवून बंदुकीसमोर हजर! खरं तर त्यांच्यात मादीनेच नराकडे जायची रीत. त्यामुळे मुरलेला नर जागेवरूनच 'तूच ये' म्हणतो. अशा वेळी मुरलेला शिकारी काय करतो? गप्प बसतो. नवरदेवाला राहवत नाही.

तो शिकारी खोटं बोलतो, हे उघड आहे. पण पिंजऱ्यातला तितर? त्याची हाक शंभर नंबरी खरी. खरी होती म्हणून तर दुसरा आला. मग पाप कोणाच्या खात्यावर नावे टाकायचं?

हा हिशेब मला का छळतो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्चात आमच्या शाखेला विमा पॉलिसींचं टार्गेट आलं. माझ्या काउंटरवर एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांच्या एफडीची मुदत संपली होती. मी म्हटलं, "गुरुजी, यात घाला. माझ्या आईला सांगेन तेच तुम्हाला सांगतोय." मला खरोखरच तसं वाटत होतं! सर्क्युलर मीही अर्धंच वाचलं होतं. पुढे बाईंच्या ऑपरेशनला पैसे लागले, तेव्हा कळलं की पाच वर्षं रकमेला हात लावता येत नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "तुमची काय चूक? तुम्हीही चांगल्यासाठीच सांगितलंत."

माझ्या डोक्यावरच भिंतीला पाटी आहे : 'अनोळखी आवाजावर विश्वास ठेवू नका.' गुरुजींनी ती तंतोतंत पाळली. अनोळखी फोन ते उचलतच नाहीत. ते फसले ओळखीच्या आवाजाला.

तितराला मी माफ केलंय. त्याला फासे दिसत असतील, पण सर्क्युलर वाचता येत नाही. मला येतं. हल्ली मी ते शेवटच्या बारीक टाइपापर्यंत वाचतो आणि वाचून झालं की बहुतेक वेळा ओरडावंसंच वाटत नाही.

साहेब विचारतात, "काय हो, घसा बसला का?"