निर्जीव अंडे आणि अहिंसा

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते; अशी अंडी २१ दिवस उबवूनही पिल्लू निघत नाही. मग ती खाण्यात हिंसा कुठे? पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात गांधीजींनी, दूध चालणाऱ्याला निर्जीव अंडेही चालावे, असे मत मांडले. जैन आचारात मात्र अंडे, फलित असो वा नसो, वर्ज्यच.

परसातल्या खुराड्यात गांधीजींचा युक्तिवाद अडखळतो. अंडी देणारी कोंबडीही कुठल्यातरी फलित अंड्यातूनच येते, आणि खुडूक कोंबडीखालून निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे रश्श्यात जातात, नाहीतर जत्रेत देवीपुढे. दुधाशी केलेली तुलना खरी ठरते, पण उलट्या बाजूने: गोऱ्ह्यांचा प्रश्नही हाच आहे.