आधी चूक ओळख, मग पाना उचल

चि. सोनूस,


तुझा मेसेज आणि सागवानी पाटीचे फोटो मिळाले. घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्वतः भोकं पाडून, स्वतः वायरिंग करून तू सीएनसी राउटर उभा केलास, याचा मला फार अभिमान वाटतो. पाटीवरची पहिली अक्षरं जागच्या जागी आणि शेवटची दोन-तीन मिलिमीटर उजवीकडे सरकलेली. शिवाय मधेच अलार्म येऊन मशीन थांबतं. म्हणून तू स्टेप्स पर एमएमचा आकडा बदलत राहिलीस आणि आता कर्ज काढून क्लोज्ड लूप मोटरी घ्यायच्या म्हणतेस. ती ऑर्डर सध्या थांबव. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी बदललेला प्रत्येक भाग नवा घोळ निर्माण करतो.

तुझं मशीन ओपन लूप आहे. कंट्रोलर पल्स सोडतो. मोटर खरोखर तेवढी फिरली का, हे त्याला कळत नाही. स्क्रीनवरचा आकडा हा हुकुमाचा आकडा आहे, टूलच्या जागेचा नाही. टूल कुठे आहे ते फक्त डायल गेज सांगेल. म्हणून ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटचा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड एवढी खरेदी मात्र आजच कर.

आता चुकांचे प्रकार समजून घे. प्रत्येक प्रकाराची खूण वेगळी असते.

पहिला प्रकार अंतराबरोबर वाढणारी चूक. १०० मिलिमीटरला ०.२ आणि ३०० ला ०.६ आली, तर प्रमाण चुकलं आहे. तुझा बॉलस्क्रू १६०५ आहे, म्हणजे एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर सरकतो. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे १६०० पल्स. त्याला ५ ने भागलं की मिलिमीटरमागे ३२०. हाच आकडा ठेव. दहा मिलिमीटरचा तुकडा कापून, कॅलिपरने मोजून आकडा सुधारत बसलीस, तर कॅलिपरची ०.०३ ची चूक ३०० मिलिमीटरला जवळजवळ एक मिलिमीटर होते. रोल्ड बॉलस्क्रूच्या सी-७ दर्जालाही ३०० मिलिमीटरमागे ०.०५ एवढी सूट असते. त्यापेक्षा मोठी तफावत दिसली तर आकड्यात कारण शोधू नकोस, डिप स्विच आणि कपलिंग तपास.

दुसरा प्रकार फक्त दिशा उलटताना येणारा, दर वेळी सारखाच. हा बॅकलॅश. नळाची ढिली चावी उलट फिरवताना आधी थोडी रिकामी फिरते, तसंच हे. डायल टेकव, एका बाजूने पुढे जा, शून्य कर, मग ०.०१ च्या जॉगने मागे ये. काटा हलेपर्यंत जेवढे जॉग वाया गेले तेवढा बॅकलॅश. मग नटला दोष देण्याआधी फिक्स्ड बाजूचं बेअरिंग, त्याचा लॉकनट आणि कपलिंगचे ग्रब स्क्रू बघ. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करने एकच सरळ रेघ ओढ. काम झाल्यावर ती तुटलेली दिसली तर कपलिंग घसरतंय.

तिसरा प्रकार तुझ्या पाटीचा: काम चालेल तसतशी साठत जाणारी चूक. इथेच खरी परीक्षा आहे, कारण वेगवेगळी कारणं वरवर सारखी दिसतात. डायलवर शून्य लावून काम सुरू कर, संपल्यावर त्याच बाजूने शून्यावर परत ये आणि किती फरक आला ते लिहून ठेव.

मोटरला ओढ झेपली नाही तर रोटर निसटतो आणि पुढच्या सारख्या चुंबकीय जागी जाऊन बसतो. ती जागा चार पूर्ण स्टेपवर, ७.२ अंशांवर असते. तुझ्या स्क्रूवर हे बरोबर ०.१ मिलिमीटर. म्हणजे निसटलेल्या मोटरची चूक ०.१ च्या पटीत येते. तशी आली तर अ‍ॅक्सिलरेशन निम्मं कर. चूक गेली तर मोटरला ताकद कमी पडत होती: ड्रायव्हरचा करंट बघ, पॉवर सप्लायचा व्होल्टेज बघ, रेल कुठे अडकते का ते मोटर सुटी करून हाताने सरकवून बघ. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क घटतो, आणि कमी व्होल्टेजवर तो फार लवकर घटतो.

चूक बारीक असेल, पण नेहमी एकाच बाजूला आणि दिशाबदलांच्या संख्येप्रमाणे वाढत असेल, तर पल्स आणि दिशा या दोन सिग्नलांची वेळ जुळत नाही. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी लागतो. बऱ्याच ड्रायव्हरांना ५. तो एका दिशेला वेळेवर आणि दुसऱ्या दिशेला उशिरा पोचला, तर जाऊन-येऊन दर फेरीला दोन मायक्रोस्टेप चुकतात. ३२० ने भागलं तर ०.००६ मिलिमीटर. क्षुल्लक वाटतं ना? पण नक्षीच्या ५०० फेऱ्यांत ते ३ मिलिमीटर होतात. तुझी अक्षरं नेहमी उजवीकडेच सरकतात, म्हणून माझा पहिला संशय यावर आहे. जीआरबीएल या फर्मवेअरमध्ये $० म्हणजे पल्सची लांबी, ती १० मायक्रोसेकंद ठेव. $२ ने पल्स उलटा करून तेच काम परत चालव. पल्स उलटला की ड्रायव्हर पल्सच्या शेवटच्या कडेवर पाऊल टाकतो आणि दिशेला तेवढी उसंत मिळते.

आणि चूक कधी इकडे, कधी तिकडे, कधी नाहीच, अशी लहरी असेल तर इलेक्ट्रिकल नॉइज. त्याची खात्री करायची रीत सोपी आहे. तेच काम तीनदा चालव: आधी स्पिंडल बंद ठेवून हवेत, मग स्पिंडल चालू ठेवून हवेत, मग लाकडावर. पहिल्यातच चूक आली तर स्पिंडलच्या नॉइजचा विचार सोड. दुसऱ्यात आली तर संशय व्हीएफडीवर, म्हणजे स्पिंडल चालवणाऱ्या ड्राइव्हवर. फक्त तिसऱ्यात आली तर कापण्याचा भार, सैल जॉब किंवा बोथट बिट.

तुझा अलार्म बहुतेक नॉइजचाच आहे, लिमिट स्विचच्या वायरीतून आलेला. कंट्रोलरमधल्या अर्डुइनोच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार कमजोर; लांब वायर व्हीएफडीशेजारून गेली की तिच्यावर सहज खोटा सिग्नल उमटतो. स्विच एनसी (नॉर्मली क्लोज्ड) पद्धतीने जोड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि कंट्रोलरजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. त्याहून चांगलं म्हणजे २४ व्होल्टवर ऑप्टोकपलर.

वायरिंगला मात्र वेळ दे. स्पिंडलची केबल शील्डेड हवी, तिचं शील्ड व्हीएफडीच्या अर्थला आणि स्पिंडलच्या बॉडीला, दोन्हीकडे जोडलेलं. स्वस्त स्पिंडलमध्ये चौथी पिन बऱ्याचदा बॉडीला जोडलेलीच नसते, मल्टिमीटरने तपास. लिमिट स्विचच्या केबलचं शील्ड मात्र फक्त कंट्रोलरच्या टोकाला. पॉवरच्या आणि सिग्नलच्या वायरी एका पट्टीत बांधू नकोस. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. अर्थच्या सगळ्या वायरी एकाच ठिकाणी आण. कोरड्या हवेत व्हॅक्यूमच्या प्लास्टिक पाइपात लाकडाचा भुसा स्थिर वीज साठवतो. पाइपातून उघडी तांब्याची तार नेऊन अर्थ कर.

दोन गोष्टी आज्ञा समज. नॉइज जातो म्हणून अर्थिंग कधीही काढायचं नाही. अर्थ तुझ्या जिवासाठी आहे. आणि व्हीएफडी बंद केल्यावर लगेच हात घालायचा नाही. कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज काही मिनिटं तसाच राहतो. त्याच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ जाऊ दे, मल्टिमीटरने बघ, मगच झाकण उघड. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायरही काढू नकोस, ड्रायव्हर जळू शकतो.

आता मोटरींबद्दल. क्लोज्ड लूपचा एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असतो. पुढे नटमध्ये मोकळीक असेल, कपलिंग घसरत असेल, तर ते त्याला दिसत नाही. आणि नॉइजमधून आलेला खोटा पल्स ती मोटर जास्तच प्रामाणिकपणे पाळते. मोटर निसटत असेल तेवढ्यापुरताच तिचा उपयोग, आणि ते तू अ‍ॅक्सिलरेशन कमी करून फुकटात तपासू शकतेस.

एका वेळी एकच बदल कर. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर डायलचा आकडा वहीत लिही: तारीख, काय बदललं, किती फरक पडला. चूक गेली पण का गेली ते कळलं नाही, तर ती गेलेली नाही असं समज आणि आधीची जोडणी परत करून ती परत येते का ते बघ. ही सवय लागली की पुढे कारखान्यातली मोठी मशीन हातात आली तरी तू डगमगणार नाहीस.

पुढच्या रविवारी वहीतली पानं पाठव. मोटरींची ऑर्डर द्यायची की नाही, ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.

तुझा,
मामा