आईच्या शब्दाचे प्रामाण्य

सिकलसेलच्या मुलाला वेदनेचा झटका येतो तेव्हा ती वेदना कुठल्याही रिपोर्टवर उमटत नाही. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाचा प्राणवायू तुटतो, हाडे आतून ठणकू लागतात. एक्स-रे मात्र बहुधा स्वच्छच येतो. हिमोग्लोबिन सात-आठ दिसले तरी ते या मुलाचे नेहमीचेच असू शकते, डोळ्यांतला पिवळेपणाही नेहमीचाच. आज काय बिघडले आहे हे ज्याला कालचे ठाऊक आहे तोच सांगणार. रात्री कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला कालचे ठाऊक नसते. पोराला कडेवर घेऊन आलेल्या आईला असते. विदर्भात, नंदुरबारकडे हा पेच जुनाच आहे. वरवर तो वैद्यकाचा वाटतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. एकाच्या देहातले दुःख दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, तर त्याला ज्ञान म्हणायचे की नुसती काळजातली घालमेल? माझ्या मते ते ज्ञान आहे, आणि रक्ताचा रिपोर्ट जसा विचारात घ्यावा लागतो तसे ते विचारात घेणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

आपल्याकडे न्यायदर्शनाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण कुणाचाही शब्द प्रमाण मानला नाही. आप्ताचा मानला. हा आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायभाष्यात स्पष्ट केले आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे, असेही तो म्हणतो. पदवी, कुळ, भाषा यांचा त्यात संबंध नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगी हवेत अशा चार गुणांत वैद्याची आज्ञा पाळणे आहे, तसेच आपला आजार नीट सांगता येणेही आहे. आपण पहिला गुण लक्षात ठेवला आणि दुसरा सोयीने विसरलो. दीड वर्षाच्या मुलाला आजार सांगता येत नाही. त्याच्या वतीने कुणी सांगितले नाही, तर चरकाच्याच हिशेबाने चिकित्सा एका पायाने लंगडी राहते.

हे केवळ पोथीतले नाही. जमैकात १९७३ पासून सिकलसेल घेऊन जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. या आजारात लहानग्यांचे रक्त अचानक पानथरीत साचते, काही तासांत हिमोग्लोबिन कोसळते आणि मूल दगावू शकते. तिथल्या डॉक्टरांनी आई-वडिलांना डाव्या बरगडीखाली हात घालून पानथरी चाचपायला शिकवले. फुगलेली लागली की मुलाला घेऊन निघायचे, वाट पाहायची नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, अशा दर शंभर प्रसंगांमागे आधी सुमारे २९ मुले दगावत होती, ती संख्या सुमारे ३ वर आली. आता घरोघरी पानथरी तपासली जाऊ लागल्यावर सौम्य प्रसंगही नोंदीत येतात आणि टक्का काहीसा आपोआप उतरतो, हे खरे; पण नोंदलेले प्रसंग सुमारे अडीचपट झाले होते आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आले. आईच्या बोटांना जे कळले ते ऐकून घेणारा दवाखाना असला की काय होते, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. उलट बाजूचा दाखलाही त्याच काळातला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत कित्येक नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत, कारण इतक्या लहान जिवाला वेदना कळत नाही अशी समजूत पक्की होती. ही समजूत मोडण्यात के. जे. एस. आनंद यांच्या संशोधनाचा वाटा मोठा होता. पण अमेरिकेत हा विषय चव्हाट्यावर आणला तो आपल्या बाळाचे काय झाले हे उशिरा कळलेल्या एका आईने.

आक्षेप उघड आहे: माया माणसाला आंधळे करते. आई-वडील घाबरतात, फुगवून सांगतात, सलाइन लावा म्हणून हटून बसतात, कुठे काही वाचून निदान घेऊनच येतात. हे सगळे घडते. मात्र साक्षीदार आणि न्यायाधीश यांत जो फरक आहे तो इथे सोडता कामा नये. ‘पोराने सकाळपासून डावा पाय टेकवलेला नाही’ ही साक्ष आहे. ‘याला रक्त चढवा’ हा निवाडा. पहिल्यावर आईचा अधिकार, दुसऱ्यावर डॉक्टरचा. आई निवाडा चुकीचा मागते म्हणून तिची साक्ष खोटी ठरत नाही, आणि मायेमुळेच तर ती सकाळपासून त्या पायाकडे बघत होती.

धार्मिक मनाला दुसरीच अडचण वाटते. डॉक्टर म्हणजे देव. देवाला उलट विचारायचे कसे? पण ज्या परंपरेत नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाशी भांडण मांडले, त्याला खडसावले, त्या परंपरेत देवपण म्हणजे प्रश्नांपासून सुटका असे कधीच नव्हते. प्रारब्धाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो सिकलसेलच्या घरात अपराधाचे रूप घेऊन येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. हे समजावताना सल्लागाराचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘आमच्यामुळेच’ एवढेच उरते, आणि स्वतःला गुन्हेगार मानणारा माणूस डॉक्टरसमोर आवाज चढवत नाही. चरकाने दैव मानले आहे, पण पुरुषार्थही मानला आहे. दुर्बळ दैवाला बलवान प्रयत्न मागे सारतो, असा त्याचा पक्ष आहे. वेदना प्रारब्धाची आहे असे घटकाभर धरले, तरी ती न सांगण्याची आज्ञा प्रारब्धाने दिलेली नाही.

खरा कठीण आक्षेप न्यायाचा आहे. पालकांनी मुलासाठी बोलायचे म्हटले की ज्यांना बोलता येते त्यांचीच मुले पुढे सरकतात. शहरी, इंग्रजी येणारा, फाईल व्यवस्थित लावून आणणारा बाप डॉक्टरला थांबवतो. आणि जिची भाषा गोंडी किंवा भिली आहे, रोजंदारी बुडवून जी एस.टी.ने आली आहे, ती ‘बरं’ म्हणून औषधाची चिठ्ठी घेते. आपल्या राज्यात हा आजार ज्या समाजांत अधिक आढळतो त्यांच्याच वाट्याला ही शांतता आली आहे. मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतक बाईंनी २००७ मध्ये यालाच ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय म्हटले: बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरणे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण त्यातून पालकांनी गप्प बसावे असे निघत नाही. निघते ते असे की भार ऐकणाऱ्यावर हवा. न्यायाधीश मुक्या साक्षीदारासाठी दुभाष्या बोलावतो, तशी विचारपूस डॉक्टरने स्वतः करायची, आवाज चढण्याची वाट न बघता. ओपीडीत शंभर माणसे आहेत, वेळ कुठून आणायचा, असे डॉक्टर म्हणतील आणि ते खोटे नाही. तरीही ‘नेहमीपेक्षा आज वेगळे काय आहे?’ एवढा एक प्रश्न विचारायला लागणारा वेळ न विचारता केलेल्या तपासण्यांहून स्वस्त पडतो.

आणखी एक बाजू पालकांना आवडणार नाही. ही साक्ष उसनी आहे. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की वेदना किती, कुठे, कशी हे त्याला आईपेक्षा चांगले सांगता येते. तरीही डॉक्टर आईकडे बघून विचारतो आणि आई उत्तर देते. वर्षानुवर्षे मुलासाठी झगडलेल्या माणसाला मागे सरकणे जड जाते. पण जो न्याय आईचा शब्द प्रमाण ठरवतो, त्याच न्यायाने त्या वयात तो प्रमाणाचा मान मुलाकडे जातो. तेव्हा आईने खुर्ची थोडी मागे घ्यावी आणि डॉक्टरने मुलाला विचारावे. ते चुकले किंवा अडखळले, तर पुढचे आईने सांगावे.